आईच्या माहेरची वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी पौड येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मला लोणच्याचे प्रमाण सांगता येते, मंडळाचा हिशेब तपासता येतो. भाषण हा माझा प्रांत नव्हे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "गेल्या माघात तुम्ही नातीला घेऊन रानात हरवलात ना, तेच सांगा." तेव्हा माझी फजिती ऐकायला तुम्ही जमला आहात हे समजूनच मी उभी राहिले आहे.

आपला मुळशी तालुका म्हणजे घाटमाथा. पश्चिमेला कडा तुटला की खाली कोकण. या कड्यावरून उतरणाऱ्या पायवाटा कितीतरी: वाघजाईचा घाट, घोणदांड, नाळेची वाट, धामणओहोळकडचा लिंग्या घाट, पिंपरीवरून हिरडीमार्गे भिऱ्याला जाणारी अंधारबनाची वाट. आणि तैलबैलाच्या पठारावरून धोंडशाकडे उतरतो तो सवाष्णीचा घाट. हे नाव मला लहानपणापासून फार आवडते, कारण माझी आई त्याच वाटेने सवाष्ण होऊन वर आली. तिचे माहेर धोंडशाला, सासर तैलबैलाच्या पायथ्याला. वरातीला बैलगाडी नाही, मोटार नाही. हळदीच्या अंगाने ती कडा चढली. दमली तेव्हा बसू दिले का, असे मी एकदा विचारले होते. म्हणाली, "बसले असते तर लोक म्हणाले असते, नवरी अंगात नाही."

त्या वाटेने आमचा सगळा संसार चाले. वरून आंबेमोहोर तांदूळ खाली जायचा. खालून मीठ, सुकट, नारळ, आमसुले वर यायची. १९६२ सालची गोष्ट मला चांगली आठवते. मी सात वर्षांची. भर श्रावणात आजी आजारी असल्याचा सांगावा आला. आईने धाकट्याला पाठीशी बांधले, डोक्यावर इरले घेतले आणि मला पुढे घातले. वडील म्हणाले, पाऊस उघडू दे. आई म्हणाली, "पाऊस उघडेल, आई थांबेल का?" धुक्यात हातावरचे दिसत नव्हते, ओढे फुगलेले, पण ती एकदाही अडखळली नाही. जाताना मला खुणा सांगत होती. हा आंबा, हा फुटका कातळ, इथे निवडुंग. मुख्य खूण तैलबैलाच्या दोन भिंतींची. तुम्हांपैकी पुष्कळजणींनी त्या पाहिल्या असतील: लाव्हा भेगेत थिजून झालेल्या दोन उभ्या भिंती आणि मध्ये खिंड. आई म्हणाली, "मागे वळून बघत जायचे. खिंड मिटून दोन्ही भिंती एक दिसल्या की वळायचे." त्या दिवशी धुके क्षणभर फाटले आणि खिंड मिटलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. संध्याकाळी आम्ही पोहोचलो. आजी आणखी दोन दिवस होती.

आता फजिती. नात कॉलेजात शिकते, डोंगर चढण्याचा तिला नाद. ती म्हणाली, आजी, तुझी वाट दाखव. मी मोठ्या ऐटीत म्हटले, चल, मी इथलीच आहे. सोबत वाटाड्या घ्यावा असे तिच्या मनात होते. मीच नको म्हटले. खिंड मिटली ती खूण मला बरोबर सापडली. पण वळायचे कोणत्या हाताला, तेच विसरले होते! उजव्या हाताला वळले. अर्ध्या तासात आम्ही कारवीत शिरलो. कारवीचे रान ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. डोक्याच्या वर काठ्या, पुढचे पाऊल दिसत नाही. दोन तास फिरलो आणि एका कड्याच्या तोंडाशी आलो. पाणी संपले होते. नातीच्या हातात फोन होता, त्यावर नकाशा होता, पण नकाशावर ती वाटच नव्हती. मला स्वतःची भीती नव्हती. पोरीच्या आईला काय तोंड दाखवू, एवढेच मनात येत होते.

तेवढ्यात कोयत्याचा आवाज आला. खालच्या ठाकरवाडीतली एक बाई सरपणाला वर आली होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि हसली. "मावशी, वाट डाव्या अंगाला राहिली," म्हणाली. पाणी पाजले, पुढे झाली आणि खालच्या वाडीपर्यंत पोहोचवून मगच सोडले. मी पैसे देऊ लागले तर घेईना. नातीने ते लेकरांच्या खाऊला म्हणून दिले तेव्हा घेतले. चालता चालता मी विचारले, तुझ्या मुली येतात का या वाटेने? म्हणाली, "त्यांच्या घरी गॅस आहे, त्या कशाला येतील?" गॅस आला हे फार चांगले झाले. मोळ्या वाहून बायकांच्या माना मोडत होत्या. पण त्या उत्तराने माझ्या ध्यानात आले, की माझ्या आईची वाट आज या एका बाईच्या पायांवर उभी आहे.

वाटा नाहीशा होण्याला अनेक कारणे. काही तर पाण्याखालीच गेल्या. मुळा अडवून धरण होऊ घातले, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापटांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. जाईबाई भोईट्यांसारख्या बायाही त्यात होत्या, हे आपल्या मंडळाने तरी विसरू नये. धरण झालेच, आणि १९२७ पासून आपले पाणी नळांतून भिऱ्याच्या वीजघरावर पडते. बाकीच्या वाटा सडकेने मोडल्या. तैलबैलाहून धोंडशाला आज मोटारीने जायचे तर लोणावळा, खोपोली, पाली असा वळसा. पायी तीन-चार तास. तरी आपण मोटारीनेच जातो. मीही तशीच जात होते.

एक गोष्ट मध्येच सांगते. जुन्नरकडच्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. घाटवाटेवर बाईचे नाव कोरलेले तेवढेच मी पाहिले. चालल्या मात्र असंख्य.

आता म्हणाल, वाटांवर तर हल्ली गर्दी मावत नाही. खरे आहे. पण ती पाच-सहा ठिकाणी, तीही पावसात. २०२४ च्या जुलैत ताम्हिणीला एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पावसात शहरातली मुले कुंडांत उड्या घेतात. त्याच पावसाळ्यात प्लस व्हॅलीत एक तरुण वाहून गेला. मग सरकार वाटा बंद करते. बंदी योग्यच, पण बंद केलेली वाट आणि ओळखीची वाट यांत फरक आहे. आमच्या आया त्याच पावसात चालल्या, कारण कोणत्या ओढ्याला केव्हा हात जोडून मागे फिरायचे हे त्यांना माहीत होते.

माझी भाची आयर्लंडात रुग्णालयात परिचारिका आहे. माझी फजिती ऐकून तिने फोनवर तिकडची हकिगत सांगितली. त्या देशाच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्क परगण्यात शीप्स हेड नावाची समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड आहे. पाऊस, धुके, गवताळ टेकड्या, चार गुरे बाळगणारे गरीब शेतकरी. ऐकताना आपला मावळच वाटावा. पूर्वी लोक देवळात प्रार्थनेला ज्या आडवाटांनी जात त्या मोडत चालल्या होत्या. गावकऱ्यांनीच एकत्र बसून त्या जोडल्या, ज्याच्या शेतातून वाट जाते त्याची संमती घेतली आणि सुमारे ८८ किलोमीटरची पायवाट बांधली. १९९६ साली त्यांच्या राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते ती खुली झाली. खांबांवर पिवळा चालणारा माणूस रंगवलेला असतो, तो पाहत जायचे. २००८ पासून तिकडचे सरकार अशा काही वाटा नीट राखणाऱ्या शेतकऱ्यांना त्या कामाचा मोबदला देते. म्हणजे वाट राखणे हे मजुरीचे काम धरले आहे, उपकाराचे नव्हे. मला हे फार पटले. आपल्या ठाकरवाडीतल्या बाईला मी खाऊचे पैसे दिले, तिच्या विद्येचे दिले नाहीत.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली होती आणि ती मंजूर झाली, हे सांगायला मला आनंद वाटतो. येत्या फाल्गुनात, होळीच्या आधीच्या रविवारी, मंडळाच्या सभासदांनी सवाष्णीचा घाट उतरायचा. त्या बाई पुढे चालतील. त्यांना दिवसाचा वाटाड्याचा पूर्ण मोबदला मंडळाच्या खात्यातून द्यायचा, पावती घेऊन. प्रत्येक खूण वहीत लिहायची, आणि या वेळी हातासकट: डावा की उजवा. वनखात्याला अर्ज केला आहे. त्यांच्या परवानगीवाचून एक फांदीही तोडायची नाही. रंग फासायचा नाही, दगडावर दगड ठेवला तरी पुरे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मोटारीने पालीला जाऊन बल्लाळेश्वराचे दर्शन घ्यावे आणि धोंडशात आमची वाट पाहावी. तिथे माझ्या मामेभावाच्या घरी जेवण आहे.

आजवर अकरा जणींनी नावे दिली आहेत. नात येणार आहे, तिची आईही येते म्हणाली. भाकरी घरून आणावी, पाणी दोन बाटल्या, आणि चप्पल नको, बूट. कारवीत साडी अडकते, तेव्हा काष्टा किंवा पंजाबी ड्रेस, ज्याची सवय असेल ते. नावे चिटणीसबाईंकडे या महिनाअखेर द्यावीत.