ड्रिलची बॅटरी जपा


सुतार आणि फिटर मंडळींनो, आज बोलू या बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलविषयी.

काँक्रीटच्या भिंतीला भोकं पाडून झाली, की बॅटरीला हात लावून बघा.
चांगलीच तापलेली असते.
तशीच चार्जरवर चढवू नका.
आधी सावलीत निवू द्या.

हल्ली बहुतेक ड्रिलना लिथियम-आयन बॅटरी असते.
ती पूर्ण उतरेपर्यंत थांबायची गरज नाही.
ती सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीची.
ड्रिलचा जोर कमी झाला, की थांबा आणि चार्ज करा.

महिनाभर काम नसेल, तर निम्मी चार्ज करून ठेवा.
तापलेल्या पत्र्याखाली किंवा उन्हातल्या गाडीत मात्र नको.

पुन्हा सांगते,
गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका.
आणि फुगलेली बॅटरी वापरूच नका,
ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.