जांभळी पूड आणि एका अणूचा पापुद्रा

विहिरीत टाकायची ती जांभळी पूड, पोटॅशियम परमँगनेट, आपल्या वर्धा जिल्ह्यात कुणाला ठाऊक नाही? पेन्सिलीतल्या ग्राफाइटपासून ग्राफीन, म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा, काढायच्या एका पद्धतीतही तीच लागते.

या पद्धतीची पहिली पायरी म्हणजे ग्राफाइट ऑक्साइड; ते बनवायची कृती १९५८ साली हमर्स आणि ऑफमन या रसायनशास्त्रज्ञांनी मांडली. तीव्र गंधकाम्ल, सोडियम नायट्रेट आणि ग्राफाइट बर्फात थंड ठेवायचं, पूड चिमूट-चिमूट घालायची. तापमान वीस अंशांच्या आतच हवं; नाहीतर स्फोटाची भीती. वर्ध्याच्या मे महिन्यात तर बर्फ आधीच साठवून ठेवावा! घरी मात्र हा उद्योग मुळीच नको. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड पडलं, की काळपट लगदा लख्ख पिवळा होतो. हेच ग्राफाइट ऑक्साइड.

ऑक्सिजन शिरल्यानं थरांमधलं अंतर दुपटीहून वाढतं. पाण्यात ध्वनिलहरी सोडल्या, की एकेका अणूच्या जाडीचे पापुद्रे सुटतात.

खरी डोकेदुखी पुढे. ग्राफीन मिळवायला हायड्रॅझिन या रसायनानं किंवा क जीवनसत्त्वानं ऑक्सिजन बराचसा काढला, की पापुद्रे पाण्याला विटतात, गोळा होऊन तळाशी बसतात. त्यावर उपाय म्हणजे थोडा अमोनिया. पापुद्र्यांवरचा ऋण विद्युतभार टिकतो आणि ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात.