दोषी दलाल आणि नोंदवहीतील नाव

(ग्राहक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



घर घेणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार. वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, आईचे दागिने आणि मुलाच्या पगारावरचे वीस वर्षांचे कर्ज एकत्र करून ते कुटुंब ज्याच्यासमोर जाऊन बसते, तो बहुधा बिल्डर नसतो, दलाल असतो. चहा तोच मागवतो, नकाशा तोच उलगडून दाखवतो आणि इसाराचा धनादेशही कित्येकदा त्याच्याच हाती पडतो. अशा माणसाला फसवणुकीच्या खटल्यात न्यायालयाने दोषी ठरवले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दुकानाचे काय होते? आजचा विषय एवढाच आहे.

कौटिल्याने अर्थशास्त्रात वास्तुविक्रयाचा विचार करताना एक दंडक घालून दिला आहे. घर विकायचे तर त्या घरासमोर, शेजारपाजाऱ्यांच्या साक्षीने, तीनदा घोषणा करावी. व्यवहार अंधारात होऊ नये, हा त्यामागील हेतू. तेव्हा माणसे एकमेकांना ओळखत असत, त्यामुळे घोषणा पुरेशी होती. आज पंचविसाव्या मजल्यावर घर घेणाऱ्याला शेजारी कोण येणार हेदेखील ठाऊक नसते. घोषणेची जागा आता सरकारी नोंदवहीने घेतली आहे, आणि म्हणूनच त्या नोंदवहीत कोणाचे नाव राहते, याला महत्त्व आहे.

ही नोंदवही स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ या कायद्याने आली. नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या प्रत्येक दलालाने प्राधिकरणाकडे नोंदणी केलीच पाहिजे, असे कलम ९ सांगते. प्रत्येक विक्रीत त्याने आपला नोंदणी क्रमांक नमूद करायचा. कलम ९ व १० मोडल्यास कलम ६२ खाली दररोज दहा हजार रुपये दंड, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. महारेराने २०२३ साली दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षेची अटही आणली. हे स्वागतार्हच आहे. मात्र परीक्षेत ज्ञान तपासले जाते. चारित्र्य तपासण्याची सोय कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नोंदणी रद्द किंवा निलंबित केव्हा होते? कलम ९ चे उपकलम ७ वाचा. नोंदणीच्या अटींचा किंवा कायद्याचा भंग झाला, अथवा नोंदणी लबाडीने वा खोटी माहिती देऊन मिळवली असे प्राधिकरणाला पटले, तर, आणि तेही दलालाला बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतरच. ‘दोषसिद्धी’ हा शब्द त्या उपकलमात नाही. अर्ज करताना जुना गुन्हा दडवला असेल, तर लबाडीच्या मुद्द्यावर त्याला धरता येते. फसवणूक याच कायद्याखालच्या व्यवहारात झाली असेल, तर कलम १० मधील अनुचित व्यापारी प्रथांचा आधार घेता येतो. पण नोंदणीनंतर, दुसऱ्याच एखाद्या आर्थिक व्यवहारात त्याला शिक्षा झाली तर? मग वकिलांनी शब्दांचा कीस काढत बसायचे.

गंमत पाहा. १८६० साली इंग्रजांनी केलेल्या दंडसंहितेला दलालाची जोखीम नेमकी ठाऊक होती. तिच्या कलम ४०९ मध्ये लोकसेवक, सावकारी पेढीवाला, व्यापारी यांच्या रांगेत ‘दलाल’ नावानिशी बसवला होता, आणि सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार केल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (५) मध्ये ती तरतूद कायम आहे. म्हणजे फौजदारी कायदा दलालाला विश्वस्ताच्या पातळीवर तोलतो. मात्र २०१६ चा कायदा त्याच विश्वासघाताच्या शिक्षेचा नोंदणीशी थेट सांधा जोडत नाही. वकिलांचा विचार करताना आपल्या संसदेने हा सांधा जोडला आहे. अ‍ॅडव्होकेट्स कायदा, १९६१ च्या कलम २४-अ नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सनद मिळत नाही, आणि सुटकेनंतर दोन वर्षांनी ती अपात्रता संपते. शिक्षा आणि परतीची वाट, दोन्ही लिहून ठेवलेली आहेत.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा कायदा या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. तेथे परवानाधारक दलालाला दोषी ठरवले गेले, तर त्याने तीस दिवसांच्या आत स्वतः खात्याला लेखी कळवायचे. न कळवणे हेच शिस्तभंगाचे स्वतंत्र कारण. त्यानंतर खाते पाहते, की या गुन्ह्याचा दलालाच्या कर्तव्यांशी सारभूत संबंध आहे का? परक्याचा पैसा हाताळणारा माणूस खोटे दस्तऐवज करताना सापडला, तर संबंध उघड आहे. पण तारुण्यातल्या एखाद्या हातघाईवरून कोणाची रोजीरोटी काढून घेणे न्यायाचे नाही. पीडिताचे पैसे परत केले का, किती काळ लोटला, घरसंसारात आणि समाजात तो कसा वागतो, हेही तपासले जाते, आणि कधी कधी अटी घालून मर्यादित परवाना दिला जातो. एक गोष्ट मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच स्पष्ट केली: परवान्याच्या सुनावणीत ‘मी मुळात निर्दोषच होतो’ असा दावा करून निकाल पुन्हा उकरता येणार नाही.

आपल्याकडे हमखास पुढे येणारी ढाल म्हणजे अपील. ‘वरच्या कोर्टात गेलो आहे, शिक्षेला स्थगिती आहे’, असे सांगून माणूस उजळ माथ्याने हिंडतो. येथे शब्दांचा भेद जाणून घ्या. शिक्षेची अंमलबजावणी थांबली म्हणून दोषसिद्धी पुसली जात नाही. सरकारी नोकरांच्या संदर्भात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले, की कारवाईसाठी अपिलाच्या निकालापर्यंत थांबण्याची गरज नाही. दलालांसाठी मला मधला मार्ग योग्य वाटतो. अपील संपेपर्यंत नोंदणी निलंबित ठेवावी आणि निर्दोष सुटला तर ती सन्मानाने परत द्यावी. आज ना उद्या तो सुटेल, या आशेवर नव्या पन्नास कुटुंबांचा इसार पणाला लावू नये.

आणखी एक छिद्र आहे. हा कायदा मुख्यतः नोंदणीकृत प्रकल्पांपुरता. जुन्या घरांची फेरविक्री आणि भाड्याचे व्यवहार करणारा कोपऱ्यावरचा एजंट या नोंदवहीच्या बाहेरच राहतो. त्याच्याबाबतीत रद्द करायला नोंदणीच नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज हाती आहे ते वापरू. कलम ३४ नुसार नोंदणीकृत दलालांची नावे आणि छायाचित्रे संकेतस्थळावर असली पाहिजेत, आणि ज्यांची नोंदणी नाकारली वा रद्द केली त्यांचीही. व्यवहारापूर्वी ती यादी पाहा. कलम ३५ खाली प्राधिकरण स्वतःहूनही दलालाकडून खुलासा मागवू शकते. आणि कलम ३१ मध्ये तक्रारदार म्हणून नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संघटनेलाही जागा आहे. आपल्या भागातील एखाद्या दलालाला शिक्षा झाल्याचे समजले, तर न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत काढा, त्याचा नोंदणी क्रमांक शोधा आणि दोन्ही जोडून प्राधिकरणाकडे लेखी जा. ऐकीव बातमी किंवा वर्तमानपत्राचे कात्रण तेथे टिकत नाही. प्रमाणित प्रत टिकते.