पिल्लू कोणत्या दिवशी मेलं?

परसात चार गावरान कोंबड्या आहेत, अंडी भरपूर आहेत, पण एकही कोंबडी खुडूक बसत नाही. मग माणूस उबवणी यंत्राकडे वळतो. कुणी बाजारातून तयार पेटी आणतो, कुणी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि पंखा बसवून घरीच करतो. अंडी ठेवली जातात, २१ दिवस मोजले जातात आणि शेवटी निम्मीही पिल्लं बाहेर येत नाहीत. सगळा राग यंत्रावर निघतो आणि उरलेली अंडी उकिरड्यावर जातात.

ती अंडी टाकण्याआधी फोडून पाहा. आतलं पिल्लू कोणत्या टप्प्यावर मेलं हे कळलं, की चूक कुठे झाली तेही बहुतेक वेळा कळतं. आणि ही मर प्रामुख्याने दोन वेळा होते, पहिल्या चार-पाच दिवसांत आणि शेवटच्या तीन दिवसांत.

पहिली पाहणी सातव्या दिवशी, यंत्र चालू असतानाच करायची. रात्री खोलीत अंधार करा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, खालून मोबाइलचा टॉर्च लावा आणि अंड्याची बोथट बाजू भोकावर टेकवा. अंडं जिवंत असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात आणि मधला काळा ठिपका हलतो. शिरांऐवजी नुसतं लाल कडं दिसलं, तर गर्भ धरला होता, पण मेला. आणि काहीच दिसलं नाही, अंडं आरपार स्वच्छ असलं, तर बहुधा ते फळलेलंच नव्हतं.

स्वच्छ अंडी जास्त निघाली तर यंत्राला हात लावू नका, कळपाकडे बघा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा हवा. दुकानातली पांढरी अंडी तर ठेवूच नका. त्या फार्मवर कोंबडे नसतात, त्यामुळे त्या अंड्यांतून पिल्लू निघणार नाही.

लाल कडी जास्त दिसली तर अंडी जुनी होती, नीट साठवली नव्हती किंवा सुरुवातीला उष्णता वाढली होती, असं समजा. उबवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. ती टोकदार बाजू खाली करून थंड जागेत ठेवा. मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका आणि पाण्याने धुऊही नका. कवचावरचा नैसर्गिक थर धुतल्याने निघून जातो आणि छिद्रांतून जंतू आत शिरतात. मोटरसायकलवरून आणलेली अंडी अर्धा दिवस स्थिर राहू द्या, मगच यंत्रात ठेवा.

आता शेवटच्या दिवसांतली मर. अंडं फोडलं तर आत पूर्ण वाढलेलं, पिसं आलेलं पिल्लू मेलेलं असतं. इथे संशय घ्यायचा तो दमटपणाचा आणि हवेचा. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवायची आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. पिल्लू ओलंचिंब, फुगलेलं आणि आत पाणी साठलेलं दिसलं, तर दमटपणा सुरुवातीपासून जास्त होता. कोकणात पावसाळ्यात हे हमखास होतं. तिथे पहिल्या १८ दिवसांत भांड्यात पाणी ठेवायची गरज कित्येकदा नसते. उलट, पिल्लाने कवचाला भोक पाडलंय, पण आतला पापुद्रा सुकून त्याच्या अंगाला चिकटलाय, असं दिसलं तर हवा कोरडी होती. बहुतेक वेळा कौतुकाने पुन्हा पुन्हा झाकण उघडल्यामुळेच ती कोरडी होते.

याची खात्री वजनकाट्याने करता येते. ठेवताना ५० ग्रॅमचं असलेलं अंडं अठराव्या दिवशी साधारण ४४ ग्रॅमचं भरायला हवं. ४७ भरलं तर पाणी कमी करा, ४१ भरलं तर वाढवा.

तापमानाचा दोष दिवसांवरून ओळखा. पंख्याच्या पेटीत ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस हवं. पंखा नसेल तर वरची हवा जास्त तापते, म्हणून अंड्यांच्या माथ्याजवळ मोजून साधारण ३८.५ ठेवावं. पिल्लं विसाव्या दिवसाआधीच निघू लागली आणि त्यांची बेंबी नीट मिटलेली नसली, तर उष्णता जास्त आहे. बाविसावा-तेविसावा दिवस उजाडला तर उष्णता कमी आहे. यंत्रावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ताप मोजायचा थर्मामीटर आणि यंत्राचा सेन्सर कोमट पाण्यात शेजारी शेजारी धरा. जेवढा फरक दिसेल तेवढा हिशोबात धरा. सेन्सर पाण्यात चालणारा नसेल, तर थर्मामीटर पेटीत अंड्यांजवळ ठेवून पडताळा करा.

लाईट गेली तर घाबरू नका. झाकण उघडू नका, हवेची भोकं मोकळी ठेवून पेटीवर गोधडी टाका. खुडूक कोंबडीसुद्धा दाणे टिपायला रोज उठतेच. तास-दोन तासांच्या गारव्याने पिल्लं थोडी उशिरा निघतील, एवढंच. उष्णता मात्र जास्त घातक. ४० अंशांवर काही तास गेले तर मर वाढते. म्हणून मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मेमध्ये यंत्र पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. यंत्राला गरम करता येतं, गार करता येत नाही.

अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवा, नाहीतर गर्भ पापुद्र्याला चिकटतो. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद करा. खाली गुळगुळीत कागद न घालता जाळी किंवा खरखरीत कापड घाला, नाहीतर पिल्लांचे पाय फाकतात. भोक पाडल्यानंतर बाहेर यायला पिल्लाला चोवीस तासही लागतात. त्या वेळात कवच सोलायला जाऊ नका. शिरांतलं रक्त आत ओढलं गेलेलं नसतं, पिल्लू रक्तस्रावाने मरतं.

शेवटी एकच विनंती. यंत्राशेजारी एक वही ठेवा. तापमान, दमटपणा, किती अंडी स्वच्छ निघाली, किती कडी दिसली, किती पिल्लं कवचातच मेली, हे त्यात लिहा. आणि पुढच्या खेपेला एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळंच एकदम बदललं, तर पिल्लं वाढली तरी ती कशामुळे वाढली हे तुम्हाला कळणार नाही.