नुसत्या ऐकणाऱ्या?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाने यंदा ‘गीतरामायणाच्या आठवणी’ असा कार्यक्रम ठेवला होता. ज्यांनी हे गाणे जन्मभर जपले त्यांनी उठून दोन शब्द सांगावेत, एवढाच त्यातला हेतू होता. जमल्या पुष्कळ, बोलल्या मात्र सहा-सात जणी. इतरांना आग्रह केला तेव्हा जिकडून तिकडून एकच उत्तर आले, “आमाले काय समजते वं बाई गाण्यातलं! आमी त नुसत्या आयकणाऱ्या.” आज दोन शब्द बोलण्याचा मान आपण मला दिला आहे, तेव्हा या एका वाक्याविषयीच बोलावे असे मी ठरवले आहे. ते वाक्य विनयाचे आहे खरे, परंतु ते सत्य नाही.

आपल्या लहान सुनांसाठी व मुलींसाठी प्रथम थोडी माहिती सांगते. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. त्या केंद्रावर श्री. सीताकांत लाड होते. त्यांनी आपले मित्र ग. दि. माडगूळकर यांना वर्षभर चालेल असे काही लिहून देण्याची गळ घातली. माडगूळकरांनी रामकथा गीतांत बांधली आणि सुधीर फडके यांनी त्या गीतांना चाली दिल्या. १ एप्रिल १९५५ रोजी, शुक्रवारी, रामनवमीला पहिले गीत झाले. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस त्याची समाप्ती झाली. बेत बावन्न आठवड्यांचा होता. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गीते ५६ झाली. आपल्या पंचांगाने चार गाणी जास्तीची दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता वेळ लक्षात घ्या. नवे गीत लागे शुक्रवारी सकाळी पावणेनऊला. शनिवारी आणि रविवारी तेच पुन्हा ऐकवीत. पुण्याकडे कित्येक घरांतून रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून माणसे ऐकावयास बसत, असे सांगतात. ते खरेच आहे. पण पावणेनऊला घरातली बाई कोठे असते, हे आपणास कोणी सांगावयास नको. तवा तापलेला, मुलांची शाळेची घाई, कचेरीत जाणाऱ्याचे ताट वाढावयाचे! माझ्या मावशीला पुण्यास दिले होते. तीही हे गाणे ऐके ती चुलीपुढे बसून, भिंतीपलीकडून. रेडिओ बैठकीच्या खोलीत आणि ऐकणारी स्वयंपाकघरात. असे असूनही शनिवारी नि रविवारी पुन्हा कान देऊन, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गीत तिचे पाठ झालेले असे. बैठकीत बसून ऐकणाऱ्यांपैकी किती जणांचे झाले असेल?

पुण्याची दैनिके त्या त्या आठवड्याचे गीत छापीत. मावशी ती कात्रणे कापून एका जुन्या जमाखर्चाच्या वहीत खळीने चिकटवी. १९५५ च्या दिवाळीला ती माहेरी घाटंजीस आली. आगगाडीने धामणगाव आणि तेथून पुढे मोटारीने. बरोबर ती वही होती. मी तेव्हा सात वर्षांची होते. त्या वेळी आपला यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि पुणे मुंबई राज्यात. विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला १९५६ साली आणि महाराष्ट्र झाला १९६० साली. राज्ये एक होण्याच्या आधी आमच्या घरात ही वही आली, याची मला आज मोठी गंमत वाटते.

वही आली, पण चाल कोठे होती? आमच्या घरी रेडिओ नव्हता. रेडिओ म्हटला म्हणजे त्याची किंमत आणि वर पोस्टात परवान्याचे पैसे. ते कापूस विकून घर चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना परवडणारे नव्हते. मावशी चार-पाच गाणी शिकवून परत गेली. उरलेल्या गाण्यांना माझ्या आईने दळणाच्या ओवीची चाल लावली. पहाटे जात्यावर ती ज्या सुरात बसे, त्याच सुरात कौसल्या बोले नि सीताही बोले. पुढे कित्येक वर्षांनी घरात ट्रान्झिस्टर आला, रामनवमीच्या सुमारास त्यावर ती गाणी लागली आणि फडक्यांची खरी चाल आम्ही ऐकली. पहिले गीत भूप रागात आहे, हे पुढे कोणीतरी सांगितले. आईने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “छान बसवलं आहे हो त्यांनीही.” त्यातला तो ‘ही’ मी अजून विसरले नाही. आपली चालही तिने सोडली नाही. भगिनींनो, जी बाई फडक्यांच्या चालीशेजारी आपली चाल ठेवू शकते, तिला नुसती ऐकणारी कसे म्हणावे?

आपल्या त्या कार्यक्रमात जो वाद झाला, तोही येथे सांगितला पाहिजे. एका वहिनींचे म्हणणे असे की, गीतरामायण म्हणजे बाबूजींचे, म्हणजे फडक्यांचे एकट्याचे. त्यांनी रंगमंचावर एकट्याच्या आवाजात सारी पात्रे उभी केली. दुसऱ्या काकू म्हणाल्या की, छे, पहिले ते पहिले! आकाशवाणीवर सीतेचा आवाज माणिक वर्मा यांचा होता, कौसल्येचा ललिता फडके यांचा. बाईचे दुःख बाईच्याच गळ्यातून यावे. दोघी बराच वेळ हटेनात, चहा निवून गेला. मला त्या वादात फार समाधान वाटले. ज्यांना गाण्यातले काही कळत नाही त्या गाण्यासाठी असे भांडत नाहीत.

आणखी एक आठवण सांगते. ती सांगण्याची परवानगी मी त्या बाईंकडून घेतली आहे. नाव सांगणार नाही. त्या ऐन तिशीत विधवा झाल्या. घरात वर्षभर रेडिओ लावावयाचा नाही, असे वडीलधाऱ्यांनी ठरवले. त्यांना दिवसभर एकच काम दिलेले असे, देवासाठी वाती वळणे. आपल्याकडे कापसाला काय तोटा! त्या बाई सांगतात, “मी मनातल्या मनात पहिल्यापासून गीतं म्हणत जायची. एक गीत संपलं की वातींची एक जुडी व्हायची. छप्पन्न गीतं झाली की दिवस मावळलेला असायचा.” ओठ मिटलेले होते, म्हणून कोणाला कळले नाही. रेडिओची कळ फिरवणे दुसऱ्याच्या हाती होते, पण आत चाललेले गाणे बंद करणे कोणाच्याच हाती नव्हते. सीता वनात एकटी उभी राहून लक्ष्मणाला जे विचारते, ते गीत आले की हात थांबत, असेही त्या म्हणाल्या. हे ऐकून आपल्या सभेत क्षणभर कोणीच बोलले नाही.

ही केवळ आपलीच गोष्ट आहे असे नाही. माझा नातू ‘क्वीन’ नावाच्या इंग्रजी वाद्यवृंदाचा मोठा भक्त आहे. भिंतीवर त्यांची तसबीर लावतो. मी प्रथम नाक मुरडले. मग त्याने सांगितले की, त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा पारशी घरातला फारुख बलसारा. तो आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला आणि तेथेच शाळासोबत्यांबरोबर त्याने पहिला वाद्यवृंद काढला. पुढे १९८५ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याच्या गाण्याला हजारो माणसांनी हात उंचावून एका ठेक्यात टाळ्या दिल्या. नातवाने ते चित्र मला दाखवले. कीर्तनात टाळी धरतात, तसेच ते मला वाटले. तो गायक १९९१ साली वारला, माझ्या नातवाचा जन्म त्यानंतरचा. तरीही त्याचे चाहते वर्षानुवर्षे मेळावे भरवतात आणि पहिल्यांदा कोठे ऐकले, कोण बरोबर होते, ते एकमेकांना सांगतात. तिकडे असे आठवणी सांगणे कमीपणाचे मानीत नाहीत, मग आपणच का मानावे?

माडगूळकर १९७७ साली गेले, फडके २००२ साली गेले. शब्द पुस्तकात आहेत. ते १९५७ सालीच छापले गेले. आवाज तबकड्यांवर आहे. ते सर्व सुरक्षित आहे. जे कोठेही उतरवलेले नाही ते आपल्याजवळचे आहे. गाणे कोणत्या खोलीतून ऐकू आले, त्या वेळी हाताला काय लागले होते, कोणाच्या मांडीवर कोण होते आणि कोणत्या ओळीला कोणी पदराने डोळे पुसले, हे फक्त ऐकणारीलाच ठाऊक. १९५५ साली जी मुलगी सात-आठ वर्षांची होती, ती आता पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. तिच्याबरोबर हे सारे निघून गेले तर पुढच्यांना एवढेच कळेल की, एक थोर कवी होता नि एक थोर गायक होता. त्यांना कोणी उचलून धरले, हे कळणार नाही.

म्हणून माझी मंडळाला तीन कामांची सूचना आहे. पहिले, मंडळाने एक जाड वही घ्यावी आणि प्रत्येकीने आपली आठवण आपल्या बोलीत लिहावी. जिला लिहिता येत नाही, तिच्या सुनेने वा नातीने सांगतील तसे लिहून घ्यावे. शुद्धलेखनाची भीती बाळगू नये. दुसरे, घरातल्या जुन्या तबकड्या, कॅसेटी, गाण्यांच्या वह्या भंगारवाल्याच्या तराजूत घालण्याआधी मंडळात आणून दाखवाव्यात. तिसरे, ज्या आजीबाई आपल्या चालीत म्हणतात, त्यांचे म्हणणे मोबाइलवर उतरवून ठेवावे. चाल चुकली म्हणून कोणी मध्येच थांबवू नये. ती चुकलेली नसून तिची स्वतःची आहे.

वहीचे पहिले पान मी माझ्या आईच्या नावाने लिहून आणले आहे आणि ते चिटणीसबाईंच्या स्वाधीन करते. पुढची पाने आपली आहेत.