घाटावरची हवा आणि चुलीवरची डाळ



वाईहून एस.टी.त बसलं की पसरणीचा घाट लागतो. गाडी वर चढते आणि आपल्या कानात दडे बसतात. शेजारचा बोलतो ते लांबून आल्यासारखं वाटतं. मग आपण आवंढा गिळतो. कानात 'टक्' होतं आणि कान मोकळे होतात. हे तुम्ही सगळ्यांनी अनुभवलं आहे. ते का होतं, हे आज सांगायचं आहे. सांगता सांगता आमची एक चूकही सांगावी लागेल.

आपल्या डोक्यावर हवा आहे. ती दिसत नाही, पण तिला वजन असतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच खोकं घ्या. समुद्रकाठी त्यात मावणारी हवा एक किलोहून थोडी जास्तच भरते. अशी हवा कित्येक किलोमीटर उंच रचलेली आहे. वरची हवा खालच्या हवेला दाबते. समुद्रकाठी नुसत्या तळहातावर हा दाब शंभर किलोच्या पोत्याएवढा पडतो. मग हात खाली का जात नाही? कारण हवा हाताला खालूनही तेवढीच रेटते.

आता जसजसं वर जावं, तसतशी डोक्यावरची हवा कमी होते. महाबळेश्वर समुद्रापासून सुमारे १,३७२ मीटर उंच आहे. समुद्रकाठी हवेचा दाब शंभर धरला, तर तिथे तो पंच्याऐंशीच्या आसपास भरतो.

कानाच्या पडद्यामागे एक लहानशी पोकळी असते. तिच्यातून एक बारीक नळी घशाकडे जाते. गाडी घाट चढते तेव्हा बाहेरचा दाब कमी होतो, पण पोकळीतली हवा तशीच असते. ती पडद्याला बाहेर ढकलते. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की नळी उघडते आणि दाब सारखा होतो. घाट उतरताना त्रास जास्त होतो. सर्दी असली तर कान ठणकतो, कारण नळी सुजून बंद झालेली असते. तान्हं मूल घाटात रडू लागलं तर आपल्याकडे दृष्ट लागली म्हणतात. त्याला अंगावर पाजा. दूध गिळताना त्याचे कान मोकळे होतात.

हवेचं हे गुपित कसं कळलं, ती गोष्ट गमतीची आहे. फ्रान्स देशात पास्कल नावाचा विद्वान होता. उंचावर हवेचा दाब कमी असणार, असं त्याचं म्हणणं होतं. तो स्वतः पॅरिसला होता. त्याने मेहुण्याला कळवलं. मेहुण्याने १९ सप्टेंबर १६४८ रोजी पाऱ्याची नळी घेऊन एक डोंगर चढला. तो डोंगर आपल्या विल्सन पॉइंटपेक्षा थोडासाच उंच आहे. माथ्यावर नळीतला पारा सुमारे तीन इंच खाली आला. दुसरी नळी पायथ्याशी मठाच्या बागेत ठेवली होती. एक साधू दिवसभर तिच्यावर नजर ठेवून होता. तिच्यातला पारा हलला नाही.

आता आमच्या घरातली गोष्ट. राकेश शर्मा अवकाशात गेले, त्याच १९८४ साली आमचं लग्न झालं. सौ.चं माहेर महाडकडचं, म्हणजे जवळजवळ समुद्राच्या पातळीला. ती माहेरच्या अंदाजाने तुरीची डाळ उतरवी आणि डाळ दाताखाली टचटच लागे. आमची आई बोले, "हिला साधं वरण येत नाही. माहेरी शिकवलं काय?" ती बिचारी चुलीत लाकडं सारी. आधण खळखळ उकळे, जळण संपे, डाळ मात्र कच्चीच. कितीदा तरी ती न जेवता उठली. आम्ही खाली मान घालून जेवत होतो.

पाणी उकळतं म्हणजे काय? पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि हवेचा दाब झुगारून वर येतात. दाब कमी असला की ते लवकर सुटतात. समुद्रकाठी पाणी १०० अंशांवर उकळतं, महाबळेश्वरला सुमारे ९५ अंशांवर. एकदा उकळी आली की जाळ कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही. ते फक्त लवकर आटतं. म्हणून डाळीला जाळ नव्हे, वेळ जास्त लागतो. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, पाणी शंभरापुढे तापतं आणि डाळ झटपट शिजते.

आणि आम्ही तर मास्तर! वर्गात एकदा पाणी उकळून दाखवलं. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, पारा पंच्याण्णवाच्या वर जात नाही." आम्ही म्हणालो, "तापमापक बिघडलाय. वहीत शंभर लिही." तिने निमूट शंभर लिहिलं. पुढे एका पुस्तकात कारण वाचलं तेव्हा ती मुलगी शाळा सोडून गेली होती. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई गप्प राहिली. मग म्हणाली, "एवढी वर्षं का नाही सांगितलंस?" तोवर सौ.ने कारण न कळताच उपाय शोधला होता. ती डाळ आधी भिजत घाली.

अजून वर गेलं तर? सुमारे एकोणीस किलोमीटरवर दाब इतका उतरतो, की पाणी आपल्या अंगाच्या उबेवरच उकळतं. तिथे उघड्यावर माणसाच्या जिभेवरची ओलसुद्धा उकळू लागेल. म्हणून अवकाशात जाणारे लोक बंद यानात हवा सोबत घेऊन जातात.

येत्या बुधवारी आम्ही तापमापक आणतो. कोणीतरी स्टोव्ह आणि पातेलं आणा. पारा कुठे थांबतो ते तुम्हीच वाचा, आणि दिसेल तोच आकडा वहीत लिहा.