पाण्याचा आणि मिठाचा ताळेबंद

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला "काका, आरोग्यावर दहा मिनिटं बोला" असं सांगितलं. मी काही डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत गेली, जमा आणि नावे एवढंच कळतं. पण मागच्या वैशाखात माझ्या स्वतःच्या शरीराचाच ताळेबंद चुकला, तेव्हा त्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो.

बीडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी उपदेश यायचा, दिवसाला पाच लिटर पाणी प्या, मीठ म्हणजे पांढरं विष. मला बीपीची गोळी चालू, आणि तिच्यात लघवी वाढवणारं औषध. मी मनावर घेतलं. मीठ पूर्ण बंद. भाजी आळणी, ताक आळणी. पाण्याच्या तांब्यांची तर वहीत नोंद ठेवली, जुनी सवय! उन्हानं जेवणही निम्म्यावर आलं होतं.

आठवड्याभरात मळमळ सुरू झाली, डोकं जड, चालताना तोल जायचा. जो तो म्हणे, "ऊन लागलं, पाणी प्या." मी आणखी प्यालो. मग एक दिवस लाइट बिलाचा चेक लिहायला बसलो आणि तारीखच आठवेना. सही दोनदा चुकली. आमच्या सौभाग्यवतींनी ते पाहिलं आणि मुलाला फोन केला, "ह्यांची सही कधी चुकत नसते, तू आधी ये." दवाखान्यात रक्त तपासलं. सोडियम ११७. ते असायला पाहिजे १३५ ते १४५.

सोडियम म्हणजे मुख्यतः आपल्या मिठातलं. ते पेशींच्या बाहेरच्या पाण्यात राहतं आणि पाणी कुठं किती राहायचं ते ठरवतं. गोळीनं सोडियम लघवीवाटे जात होतं, ताटातून येत नव्हतं, आणि वरून मी पाणी ओतत होतो. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात. हाता-पायाच्या पेशींना फुगायला जागा आहे. मेंदूला कवटीच्या आत कुठली? म्हणून तो गोंधळतो, पुढं झटके येतात, माणूस बेशुद्ध होतो. आणि गंमत बघा, हे भरून काढायचं तेही हळूहळू. एका दिवसात साधारण आठ-दहापेक्षा जास्त वाढवत नाहीत, घाई केली तर मेंदूलाच इजा होते. मी पाच दिवस आत होतो. गोळी सुरू झाली तेव्हा सोडियम तपासा असं कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, ही माझी चूक.

आता याचा अर्थ पाणी कमी प्या असा कुणी घेऊ नये. आपल्याच जिल्ह्यातली लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. तिथं बायका पाणी मुद्दाम कमी पितात, कारण फडात आडोसा नसतो. त्यांचं दुखणं माझ्या नेमकं उलट. आणि उन्हात राबणाऱ्याच्या घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातं, नुसत्या पाण्यानं त्याचं भागत नाही. आपल्या गेटवरच्या वॉचमनला एप्रिल-मेमध्ये मीठ घातलेलं ताक द्या.

जुलाब-उलट्यांत तर दोन्ही फार वेगानं जातं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात कालवला आणि नातेवाइकांच्याच हातानं रोग्यांना पाजायला लावला. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, तेही मरणोत्तर!

त्यातली खुबी मला बँकेच्या भाषेत लगेच कळली. आतड्यात मीठ आणि साखर यांचं जॉइंट खातं आहे, दोघांच्या सह्या लागतात. साखरेबरोबर मीठ आत जातं आणि त्यांच्या मागं पाणी. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचा. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. ओआरएसची पुडी असेल तर तीच बरी, तिच्यात पोटॅशियमही असतं. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच. थोडी थोडी पेल्यात टाकू नका. दुकानात त्या नावानं गोड सरबतं विकत होते, त्यांना ते नाव वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या. लहान लेकरांना जुलाबात ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्याही १४ दिवस देतात. जुलाब थांबले म्हणून सूनबाई लोकांनी त्या मधेच बंद करू नयेत.

बीपीवाल्यांसाठी एवढंच. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, त्यात लोणचं-पापडातलंही आलं. कमी करा, शून्य नको. हल्ली "लो सोडियम" मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं आहे. सैंधव खाणाऱ्यांनी पाकिटावर आयोडीन आहे का ते पाहावं. हृदयाच्या आणि किडनीच्या रोग्यांनी पाणी किती, ते आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

माझं सोडियम आता १३७ आहे. दर तीन महिन्यांनी तपासतो आणि त्याच वहीत लिहितो. तांब्यांची नोंद बंद केली. ओआरएसच्या वीस पुड्या आणि एक लिटरची खूण केलेली बाटली मी सोसायटीच्या ऑफिसात, प्रथमोपचार पेटीशेजारी ठेवली आहे. किल्ली वॉचमनकडं असते, रात्रीही मिळेल.